आधी पेटीवर नाव लावा

जर्मनीत नवीन घरात राहायला गेलं की दोन आठवड्यांच्या आत ब्यूर्गरआम्टमध्ये, म्हणजे तिथल्या नागरिक कार्यालयात, जाऊन पत्त्याची नोंदणी करायची, असा कायदा आहे. न केल्यास दंड, तोही हजार युरोपर्यंत. आणि अपॉइंटमेंट? पुढच्या महिन्यातली! मग दंड नक्की कुणाला करायचा, हे विचारण्याइतकं जर्मन मला येत नव्हतं.

ऑफिसातल्या एकाने युक्ती सांगितली. भल्या सकाळी साइट उघडून बसायचं, कुणी अपॉइंटमेंट रद्द केली की झडप घालायची. तत्काळ तिकिटांवर बोटं तयार झालेली असल्याने हे जमलं.

नुसता भाडेकरार चालत नाही. ही माणसं खरोखर माझ्या घरात राहायला आली आहेत, असं घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं. 2015च्या नोव्हेंबरपासून हा नियम आहे. आई फोनवर म्हणाली, "अरे, भाडं घेतोय म्हणजे राहताच ना?" तिला वाटत होतं की तिथल्या तलाठ्याला एकदा भेटून यावं.

खिडकीमागच्या बाईंनी दोन्ही पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि त्यांची पेन्सिल थबकली. बायकोच्या नावात माझं नाव कसं? मी समजावलं, माझ्या नावात वडील आहेत, हिच्या नावात मी. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घरमालकाचं पत्र न देताच बायकोच्या नावात राहायला गेलोय.

पुढचा प्रश्न धर्माचा. इथे कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट चर्चचा सभासद असल्याची नोंद झाली, की आयकराच्या आठ-नऊ टक्के चर्चचा कर वेगळा कापतात. आम्ही हिंदू म्हणाल्यावर बाईंनी 'नाही'वर टिचकी मारली. चतुर्थी न चुकवणारी माझी बायको क्षणात निधर्मी झाली. पण कराचा विषय आहे म्हटल्यावर तिने हूं की चूं केलं नाही.

शिक्का बसला. निघताना बाईंनी बजावलं, "टपालपेटीवर नाव लावा." इथे पत्त्यात फ्लॅटचा नंबर नसतो. पेटीवर नाव नसलं तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि पगारावरच्या करासाठी लागणारा 11 आकडी नंबर टपालानेच येतो. पेटीवरची पट्टी बोटभर. त्यात आडनाव तेवढं मावलं. बाप आणि नवरा दोघेही बाहेर राहिले.

पहिलं पत्र आलं ते मात्र कराच्या नंबराचं नव्हतं. नोंदणी झाली की पत्ता आपोआप रेडिओ-टीव्हीची वर्गणी गोळा करणाऱ्यांकडे जातो. घरटी महिना 18.36 युरो. घरात टीव्ही असो वा नसो.

"आपल्याकडे कुठाय टीव्ही?" बायकोने विचारलं. नसला तरी भरावे लागतात, म्हटल्यावर ती गप्प झाली. संध्याकाळी बघतो तर ती भिंत मोजत होती.

"भरायचेच आहेत ना? मग मोठाच घेऊ."