‘पदरचे पैसे घालून काढलाय, जरा सांभाळून घ्या’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया मोठी आहे आणि मनापासून लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देते. इतरांसाठी थोडक्यात सांगायचं तर, आपल्या नाशिकच्याच एका बँडच्या रॉक-इलेक्ट्रॉनिक अल्बमबद्दल मी मागच्या लेखात कडक लिहिलं होतं. त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. या मुलांनी नोकऱ्या सांभाळून, पदरचे पैसे घालून अल्बम काढला, मागे कंपनी नाही की जाहिरात नाही, मग शाबासकी द्यायची सोडून चिरफाड कशाला? जिने कधी सिंथला (सिंथेसायझरला, म्हणजे विजेवर आवाज घडवणाऱ्या वाद्याला) हात लावला नाही तिने मिक्सिंगबद्दल, म्हणजे वेगवेगळे आवाज एकत्र जुळवण्याबद्दल बोलावं का? आणि मोठमोठ्या समीक्षकांचे निकालसुद्धा पुढे उलटले, तर अशा मतांना किंमत काय?

तिसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करते, कारण तो सगळ्यात वजनदार आहे.

निकाल उलटतात, हे खरंच आहे. २००० साली रेडिओहेड या ब्रिटिश रॉक बँडचा ‘किड ए’ आला तेव्हा ‘मेलडी मेकर’ या ब्रिटिश साप्ताहिकाने त्याला पाचांपैकी दीड तारा दिला. त्याच अल्बमला अमेरिकेत ‘पिचफोर्क’ या संगीत-समीक्षेच्या संकेतस्थळाने दहापैकी दहा दिले. याच पिचफोर्कने २००१ मध्ये डाफ्ट पंक या फ्रेंच इलेक्ट्रॉनिक जोडीच्या ‘डिस्कव्हरी’ला ६.४ गुण दिले होते आणि २०२१ मध्ये जुने काही गुण बदलले तेव्हा त्याचे १० केले. मी गुण देत नाही त्याचं कारणही यात आलं. पण ‘किड ए’वर नाराज झालेल्यांची तक्रार काय होती ते बघा. गिटारी कुठे गेल्या, गाणी कुठे गेली? प्रश्न अगदी बरोबर होता. त्या अल्बमने नेमकं तेच केलं होतं: गिटारी बाजूला सारल्या, आवाज यंत्रातून काढला, गाण्याचा ओळखीचा साचा मोडला. नाराज माणसाने अल्बम ऐकला होता, त्यात काय बदललंय हे त्याला कळलं होतं, फक्त ते त्याला रुचलं नाही. अशा लेखातून मला आजही काहीतरी मिळतं. ‘छान प्रयत्न, पुढील वाटचालीस शुभेच्छा’ यातून कधीच काही मिळालेलं नाही.

आता आपल्या जवळचं उदाहरण. चरणजित सिंग. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वर्षानुवर्षं वाजवणारा हा माणूस १९८२ साली मुंबईत रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेऊन बसला: बासचं टीबी-३०३, ठेक्याचं टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ हा सिंथ. डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले आणि एचएमव्हीने ती रेकॉर्ड काढली. ३०३ हे मुळात एकट्या गिटारवादकाला बासची साथ मिळावी म्हणून काढलेलं यंत्र. ते फारसं खपलं नाही, १९८४ मध्ये बंदही झालं, आणि मग शिकागोच्या पोरांनी ते जुन्या बाजारातून स्वस्तात उचललं. फ्यूचर या त्रिकुटाचं ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ आलं १९८७ मध्ये. त्या जातीच्या, यंत्रांवर वाजणाऱ्या नाचाच्या संगीताला ‘अ‍ॅसिड हाऊस’ म्हणतात. सिंग यांची रेकॉर्ड त्याच्या पाच वर्षं आधीची. पण ती विस्मरणात गेली. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने ती पुन्हा काढली, तेव्हा हे आजच कुणीतरी बनवून जुन्या तारखेला खपवलंय असा संशयही लोकांनी घेतला. शेवटच्या काही वर्षांत सिंग यांनी युरोपात जाऊन ते संगीत वाजवलं. २०१५ मध्ये ते गेले.

या रेकॉर्डला कुणाची टीका भोवली नाही. कुणी तिच्याशी भांडलंच नाही, हेच तिला भोवलं. १९८२ मध्ये एखाद्या बुवांनी चिडून लिहिलं असतं की यमनला उसंत कुठे आहे, मालकंसाचा गंभीरपणा या टकटकीत कुठे राहिला, तरी चार तरुणांनी ती कुतूहलाने शोधली असती. आणि तो राग रास्त ठरला असता! मला स्वतःला त्या दहा तुकड्यांत ठेका फार एकसुरी वाटतो. राग बदलतो, पण त्याच्याखालची जमीन बदलत नाही, त्यामुळे ललितची अस्वस्थता आणि भूपाचा मोकळेपणा एकाच चालीने चालायला लागतात. पण ३०३मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची जी सोय आहे, ती सिंगांच्या हाती मींडेच्या इतकी जवळ जाते की मी दर वेळी थांबून ऐकते. ‘अ‍ॅसिड हाऊसचा शोध मुंबईत लागला’ हे वाक्य मात्र मला मान्य नाही. शिकागोच्या मुलांपर्यंत ही रेकॉर्ड पोचली होती असं मानायला काही आधार नाही. यंत्र एकच, पण हात वेगळे होते आणि कानही. अभिमानापोटी आपण हा फरक पुसतो तेव्हा सिंगांचं खरं काम ऐकायचं राहून जातं.

तुमचा दुसरा आक्षेप: वाजवणाऱ्यालाच कळतं. १९७९ मध्ये मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्स या छोट्या स्वतंत्र कंपनीने जॉय डिव्हिजन या रॉक बँडचा ‘अननोन प्लेझर्स’ काढला. ध्वनिमुद्रणाची सूत्रं सांभाळणारा निर्माता मार्टिन हॅनेट. बँडमधल्या बर्नार्ड सम्नर आणि पीटर हुक या दोघांनाही तो अल्बम तेव्हा आवडला नव्हता. मंचावरची त्यांची आडदांड गर्जना हॅनेटने काढून घेतली आणि तिथे गार, रिकामी जागा ठेवली. आज लोक त्या अल्बमवर जीव टाकतात ते त्या जागेसाठीच. म्हणजे ज्यांनी वाजवलं त्यांनाच आपल्या हातून काय घडलंय ते तेव्हा ऐकू आलं नव्हतं. यात त्यांचं काही कमी नाही, आतून आणि बाहेरून ऐकू येणारं वेगळं असतं इतकंच. आपल्या मराठीत तर ही परंपराच आहे. वामनराव देशपांडे पेशाने चार्टर्ड अकाउंटंट. गाणं ते शिकले होते, पण मैफलीचे गवई म्हणून त्यांना कुणी ओळखत नाही. त्यांचं ‘घरंदाज गायकी’ १९६१ मध्ये आलं. स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये त्यांनी घराणी मांडली आणि जयपूरला मध्यावर बसवलं. या मांडणीशी कडाडून भांडता येतं, कारण ती मांडणी आहे. किशोरीताई किंवा भीमसेनजी यांच्याबद्दल नेमकं बोलायला आपण कचरत नाही. मग गिटार आणि लॅपटॉप आला की आपली जीभ इतकी गुळमुळीत का होते?

आता पहिला आक्षेप, पैशांचा. इथे मी तुमच्याशी मुळातच असहमत आहे. साधनं तोकडी होती यावरून अल्बम चांगला ठरत नाही आणि वाईटही ठरत नाही. बरिअल या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक संगीतकाराचा ‘अनट्रू’ (२००७, हायपरडब कंपनी) साउंड फोर्जमध्ये बनला. ते आवाज कापायला-जोडायला बरं सॉफ्टवेअर, पण पूर्ण गाणं बांधण्यासाठी कुणी निवडावं असं नाही. ठोके यंत्राच्या रेषेवर आणून बसवलेले नाहीत, डोळ्यांनी बघून जुळवलेले आहेत, म्हणून ते किंचित लडखडतात आणि त्या लडखडण्यातच त्या अल्बमचा प्राण आहे. तोकड्या साधनांतूनही निर्णय घेता येतात. मी बोलते ते निर्णयांबद्दल.

आपल्या मुलांच्या अल्बममधलं चौथं गाणं घ्या, ज्यात ढोल आहे. वाकडी बारवेपासून निघालेली गणपतीची मिरवणूक मेन रोडवर येते तेव्हा ढोल कसा वाजतो हे तुम्ही आणि मी लहानपणापासून ऐकतोय. टिपरूचा टोल आणि हाताची थापी वेगवेगळी कळते, दोन्ही बाजूंच्या भिंती तो आवाज परत फेकतात, आणि पन्नास ढोल कधीच अगदी एका क्षणी पडत नाहीत. त्या विस्कळीतपणातून ती जाडी येते. गाण्यात काय आहे? दोन मात्रांचा एक नमुना कापून चार मिनिटं फिरवलाय. प्रत्येक थापी आधीच्या थापीसारखीच. वर एवढा कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार दाबणारं साधन) लावलाय की हळू आणि जोरात यांत फरकच उरला नाही. हे पैशांअभावी झालेलं नाही. त्याच लॅपटॉपवर चार वेगळे नमुने वापरता आले असते, फुकट. एखादा ढोलवाला मित्र आणि मोबाइल घेऊन गोदाघाटावर जाता आलं असतं. ढोल ‘आपला’ म्हणून आणला आणि त्याला ऐकलंच नाही, हा माझा राग आहे, आणि तो मी मागे घेणार नाही.

लांबीचंही तेच. एलपीच्या, म्हणजे जुन्या मोठ्या तबकडीच्या, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावतात, म्हणून पूर्वी बँडला गाणी गाळावी लागत. आता अडवणारं कुणी नाही, म्हणून चौदा गाणी. त्यातल्या पाचांत एकच कल्पना आहे. ती पाच काढली तर उरलेला अल्बम मी कुणालाही अभिमानाने ऐकवीन.

आणि हो, सातव्या गाण्याबद्दल मी जे चांगलं लिहिलं त्याचा तुमच्या प्रतिक्रियेत उल्लेखच नाही. तिथे गायिकेचा आवाज रिव्हर्बमधून (कृत्रिम घुमाऱ्यातून) बाहेर येतो, एकदम कोरडा, कानाजवळ, आणि मागे सिंथचा फक्त एक सूर धरलेला आहे. शब्द थांबल्यावरही तो सूर तसाच राहतो. त्या जागी मला ‘शाबास’ म्हणावंसं वाटलं आणि मी तसं लिहिलंही. चौथ्या गाण्यावर गप्प बसले असते तर या शाबासकीवर त्या मुलांनी विश्वास का ठेवावा?

तुम्ही स्वतः बास वाजवता असं लिहिलंय, म्हणून एक विनंती. दुसऱ्या गाण्यातला बास मला किक ड्रमखाली दबलेला वाटला. हेडफोनवरही आणि मोठ्या स्पीकरवरही. तुमच्या कानाला तो तिथे मुद्दाम ठेवलेला वाटत असेल तर का, ते सविस्तर लिहा. तुमची हरकत नसेल तर तुमचं उत्तर प्रतिक्रियांत न ठेवता स्वतंत्र लेख म्हणून छापते, माझ्या लेखाच्या बरोबरीने.