चामखिळीला पाय फुटतात तेव्हा

आमच्या बंड्या कुत्र्याच्या उजव्या कानामागे चामखीळ आली आहे, हा शोध माझाच. संध्याकाळी पेपर वाचता वाचता त्याचा कान चोळायची मला सवय आहे, तेव्हा बोट तिच्यावर अडकलं. करडी, गुळगुळीत, बोटाला कोमट लागणारी. मी तीन दिवस तिला घरातलं एक मलम चोळलं. ते तिला मानवलं असावं, कारण ती रोज अंगाने भरत होती. चौथ्या दिवशी ती जागेवर नव्हती.

"बघ, गेली की नाही!" मी बायकोला म्हणालो.

"गेली नाही, निघालीय," ती म्हणाली. तिची नजर भिंतीवर होती. स्विचबोर्डच्या वर हातभर अंतरावर माझी चामखीळ आठ पायांनी, अजिबात घाई न करता, छताकडे चालली होती.

लॅटिनमध्ये गोचिडीला 'रिसिनस' म्हणतात आणि एरंडाचं शास्त्रीय नावही तेच, कारण पोटभर रक्त प्यालेली गोचीड हुबेहूब एरंडीच्या बीसारखी दिसते. एवढ्या जुन्या लोकांना जे कळलं ते मला चष्मा लावून कळलं नाही. वर मलम लावलं.

बंड्याच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "गोचीड आहे. कितवी?"

"कितवी म्हणजे? पहिलीच."

"पहिली दिसलेली," ते म्हणाले, आणि पुढची दहा मिनिटं त्यांनी माझी झोप उडवायला खर्च केली. बंड्याला गोळी मिळाली. त्याच्या अंगावरच्या गोचिडींचा निकाल ती लावणार होती. घराचं मात्र आमचं आम्ही बघायचं होतं.

घराचं कशाला, असं मला वाटलं होतं. गोचीड कुत्र्यावर राहते ना? नाही राहत. कुत्रा ही तिची फक्त खाणावळ. कुत्र्यांवरची ती तपकिरी गोचीड अख्ख्या जन्मात तीनदा जेवते: एकदा अंड्यातून बाहेर पडल्यावर, एकदा मधल्या वयात, एकदा मोठेपणी. प्रत्येक जेवण काही दिवस चालतं. ते उरकलं की ती उतरते, एखादी फट गाठते आणि कात टाकते किंवा अंडी घालते. म्हणजे आयुष्याचा मोठा भाग ती माझ्या घरात काढते, आणि तोही उपाशी.

उपाशी म्हटल्यावर मला एक युक्ती सुचली. बंड्याला महिनाभर भावाकडे ठेवू, घरातल्या गोचिडी भुकेने मरतील. मोठ्या उत्साहाने मी वाचायला बसलो आणि वाचल्यावर गप्प झालो. ही तपकिरी गोचीड कित्येक महिने काही न खाता काढते. तिच्या मऊ कातडीच्या चुलत बहिणींची तर गोष्टच वेगळी. 1976 साली केनियातून एका अमेरिकी प्रयोगशाळेत आणलेल्या काही गोचिडी 27 वर्षं जगल्या, आणि त्यातल्या माद्यांनी मध्ये सलग 8 वर्षं पोटात कण न जाता काढली. त्यांच्यातला शेवटचा नर मेल्यावर काही वर्षांनी निदान एका मादीने अंडीही घातली. महिनाभराची धमकी हिला काय लागणार! भावाला फोन केलाच नाही.

पाण्याशिवाय त्या राहतात कशा, तेही कळलं. तोंडाशी खारट लाळ आणायची, तिने हवेतली वाफ शोषली की ती परत गिळायची. शब्द फिरवणाऱ्याला आपण 'थुंकलेलं चाटतो' म्हणून हिणवतो. ही बाई त्यावर जगते.

आता प्रश्न होता की त्या मला कशा शोधणार. उडत नाहीत, पिसवांसारख्या उड्या मारत नाहीत, झाडावरून डोक्यात पडतात म्हणतात तेही खरं नाही. गवतात असल्या तर पात्याच्या टोकाशी चढतात, मागच्या पायांनी पातं धरतात आणि पुढचे दोन पाय पसरून बसतात, 'उचलून घे' म्हणणाऱ्या तान्ह्या पोरासारख्या. जाणाऱ्या-येणाऱ्याचा केस किंवा कपडा घासला की झाल्या स्वार. ऊन लागून अंग सुकायला आलं की खाली ओलाव्यात उतरायचं, तरतरी आली की पुन्हा वर. नाक त्या पुढच्या पायांतच. तिथल्या एका खळग्यात वास, ऊब, ओलावा आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड, सगळं टिपलं जातं. शिवाय 2023 साली ब्रिस्टलच्या संशोधकांनी दाखवलं, की प्राण्याच्या अंगावरच्या स्थिर विजेने गोचीड हवेतल्या हवेत थोडं अंतर आपोआप खेचली जाते. तेव्हापासून अंधारात तडतडणारी ब्लँकेट मी कपाटात टाकली आहे.

पण आमची तपकिरी जात नुसती वाट बघत बसणाऱ्यांतली नाही. वेळ पडली तर ती वासावर चालत येते. हे मी वाचलं तेव्हा भिंग घेऊन फरशीच्या फटींवर ओणवा होतो आणि तासभर धापा टाकत होतो. म्हणजे शिकारी मी नव्हतोच. मी आमिष होतो.

माझी दुसरी चूक अशी, की मी खाली शोधत होतो. गाद्या उन्हात घातल्या, पलंग हलवला, पायपुसणी उकळत्या पाण्यात बुडवली. ती भिंतीवरची चामखीळ कुठे चालली होती हे डोळ्यांनी बघूनही डोक्यात शिरलं नव्हतं. पोट भरलं की त्या वर चढतात. अखेर लेकीने स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ उतरवलं.

"बाबा, खसखस आहे इथे," ती म्हणाली.

घड्याळाच्या मागे, खिळ्याच्या शेजारी, तपकिरी चकचकीत दाण्यांचा ढीग होता. टॉर्च मारला तर प्रत्येक दाणा पॉलिश केलेल्या मोत्यासारखा चमकत होता. शेजारी चुरगळलेल्या कागदासारखी एक रिकामी गोचीड पडली होती. एकदाच अंडी घालायची, तीही हजारोंनी, आणि तिथेच मरायचं. क्षणभर मला वाईट वाटलं. मग लेकीने ढिगाच्या कडेला हलणारे ठिपके भिंगातून पाहिले. "पायसुद्धा मोजले, सहाच आहेत." लहानपणी सहाच असतात, पहिली कात टाकली की आठ होतात. वाईट वाटणं तिथे संपलं आणि व्हॅक्युम क्लीनर सुरू झाला.

त्या आठवड्यात प्रत्येक ओळखीच्याकडे एक इलाज होता. काडी पेटवून टेकवा, रॉकेल लावा, तेल सोडा. डॉक्टरांनी सगळ्यांवर फुली मारली, कारण चिडलेली गोचीड पोटातलं परत जखमेत ओकू शकते, आणि तिच्या लाळेतून कुत्र्याला खरंच जीवघेणे ताप येतात. तिची सोंड मागे वळलेल्या काट्यांची असते. त्यावर ती सिमेंटसारखा चिकट पदार्थ ओतून घट्ट बसते, लाळेने रक्त गोठू देत नाही आणि जागाही बधिर करते. तीन दिवस मी मलम चोळत होतो तेव्हा बंड्या डोळे मिटून सुस्कारे का टाकत होता, त्याचा उलगडा झाला. उपाय एकच: बारीक टोकाचा चिमटा, कातडीला अगदी लागून पकड, आणि न पिळता सरळ वर ओढायचं. बायकोचा हात त्यात इतका बसला, की बंड्या तिला बघून पलंगाखाली जायला लागला.

परवा रात्री मी झोपायच्या तयारीत होतो. मानेवर थंड काहीतरी लागलं.

"अहो, हलू नका," बायको म्हणाली. "आहे एक. चांगली मोठी आहे."

टॉर्चचा उजेड कानाशी आला. मी बधिर व्हायची वाट बघत होतो, पण झालो नाही. तिने अगदी कातडीला लागून पकडलं, न पिळता, सरळ वर.

"हिची पकड जबरदस्त आहे हो," ती दात-ओठ खात म्हणाली. "येतच नाहीये!"

"अगं, ती माझी कॉलेजपासूनची आहे," मी किंचाळलो, "आधी पाय तरी मोज!"