रुंद पायाला दोन नंबर मोठा बूट? अजिबात घेऊ नका

‘पाय मोठा किंवा रुंद असेल तर स्नोबोर्डचा बूट दोन नंबर मोठा घ्या, आत दोन जाड मोजे घाला. बोटं पुढे टेकली म्हणजे बूट लहान. कॉम्पॅक्ट (बाहेरून आखूड) बूट आतून लहान असतात, त्यांच्या नादी लागू नका. आणि घेतलाच तर रुंद बोर्डाची गरज उरत नाही.’ थंडी जवळ आली की नागपूरच्या ट्रेकिंग ग्रुपांवर हा मजकूर फिरायला लागतो. यंदा तो माझ्या भाच्यापर्यंत पोचला. त्याचा पाय लांब, त्यातून पंजा पसरट. जानेवारीत गुलमर्गला स्नोबोर्डिंग, म्हणजे एका फळीवर उभं राहून बर्फावरून घसरणं, शिकायला जायचंय, आणि ‘मावशी, दोन नंबर मोठाच मागवतो’ म्हणून तो ऑर्डर द्यायला बसला होता. आता मुद्देसूद उत्तर देणं भाग आहे.

सगळ्यात घातक सल्ला पहिलाच. रुंदी कमी पडते म्हणून लांबी वाढवायची, हे कुठलं शहाणपण? मोठ्या बुटात पंज्याला थोडी जागा मिळते खरी, पण टाचेची खोबण आणि घोट्याभोवतीचा भागही सैल होतो. टो-साइडवर, म्हणजे बोर्डाच्या बोटांकडच्या कडेवर, वळताना भार पुढे येतो आणि टाच आतल्या आत वर उचलली जाते. पाय वळला तरी बोर्ड उशिरा वळतो. मग माणूस लेस, नाहीतर बोआची (लेसऐवजी तार आवळणारी) चकती, जीव खाऊन आवळतो. पावलाच्या वरच्या बाजूवर दाब येतो, रक्त बोटांपर्यंत नीट पोचत नाही, बोटं बधिर होतात. गुलमर्गच्या गोंडोलाचा (रोपवेचा) दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर चार हजार मीटरच्या जवळपास नेऊन सोडतो. तिथल्या थंडीत बोटं बधिर होणं ही हिमदंशाची सुरुवात असू शकते. शिवाय दोन नंबर म्हणजे बाहेरून जवळपास 2 सेंटीमीटर जास्त लांबी. तेवढा बूट बोर्डाच्या कडेबाहेर येतो, वळताना टोक बर्फात रुततं, कड सुटते आणि शिकणारा आपटतो. ज्याचा पाय आधीच मोठा आहे, त्यालाच हा सल्ला द्यायचा!

पायाच्या मापाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ 9407. त्याला मोंडोपॉइंट म्हणतात. हे माप बुटाचं नसून पायाचं असतं, आणि त्यात लांबी व रुंदी दोन्ही धरलेल्या आहेत. स्नोबोर्डच्या बुटांवर मात्र बहुधा फक्त लांबी छापलेली असते: 29 म्हणजे 29 सेंटीमीटर लांबीचा पाय. रुंदी हे स्वतंत्र माप आहे. लांबीचा आकडा चढवून ते साधत नाही. त्यासाठी ‘वाइड’ लिहिलेले बूट वेगळे मिळतात. बर्टनचा रूलर वाइड, सॉलोमनचा डायलॉग वाइड, के-टूचा मेसिस वाइड ही माहितीतली नावं.

सीताबर्डीत हे बूट पायात घालून बघायला मिळत नाहीत, म्हणून माप घरीच नीट घ्या. संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. टाच भिंतीला टेकवून, कागदावर पूर्ण भार देऊन उभं राहा. दोन्ही पाय मोजा आणि जो मोठा भरेल तो धरा. पंज्याचा सर्वात रुंद भागही मोजा. आपल्याकडच्या चपलाबुटांचे नंबर यूकेचे असतात, या बुटांचे बरेचदा यूएसचे: यूके 10 म्हणजे यूएस 11. आपला अकरा नंबरवाला यूएसचा अकरा मागवतो, बूट एक नंबर लहान येतो, आणि ‘हे बूट लहानच असतात’ ही समजूत पुढे सरकते.

कॉम्पॅक्ट बूट आतून लहान असतो हे सरळ खोटं आहे. त्यात आतली लांबी तीच राहते. बाहेरचा तळवा मात्र साधारण एक नंबराने आखूड केलेला असतो, टोकाचं आणि टाचेचं रबर कमी करून. मोठ्या पायाला नेमकं तेच हवं असतं. एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करते: कॉम्पॅक्टपणा लांबीत असतो, त्याने रुंदी वाढत नाही. काही कॉम्पॅक्ट बूट पसरट पंज्याला खरंच आवळतात. म्हणून भाच्यासारख्याने वाइड आणि आखूड तळवा, दोन्ही असलेला जोड शोधावा आणि आतला लायनर (बुटातलं मऊ अस्तर) गरम करून पायाच्या आकाराला बसवून घ्यावा.

रुंद बोर्डाची गरज उरत नाही, हेही सरसकट खरं नाही. 28 च्या आसपासचा पाय असेल तर कॉम्पॅक्ट बुटामुळे साधा बोर्ड चालून जाईल. पण 30 च्या पायाचा बूट बाहेरून 32-33 सेंटीमीटर भरतो आणि साध्या बोर्डाची कंबर (मधल्या अरुंद भागाची रुंदी) 25 च्या आसपास असते. कॉम्पॅक्टने सेंटीमीटरभर वाचेल; बाकीचं काम 26 च्या वरच्या बोर्डालाच करावं लागतं.

मोजे एकच, लोकरीचे, पातळ ते मध्यम. दोन घातले की एकमेकांवर घसरतात, सुरकुत्या पडतात, फोड येतात.

बोटांचं म्हणाल तर सरळ उभं असताना ती पुढे हलकी टेकायलाच हवीत. गुडघे वाकवले की किंचित मागे येतात. नवा लायनर वापराने दबतो, तेव्हा पहिल्या दिवशीची सैल जागा वाढतच जाणार. बाइंडिंगची, म्हणजे बूट बोर्डाला धरून ठेवणाऱ्या पकडीची, खरेदी त्यानंतर, बूट हातात आल्यावर करा. बाहेरून आखूड असल्यामुळे कॉम्पॅक्ट बुटाला कधी कधी एक माप लहान बाइंडिंग लागते.