नेटला तिशीची अट? कुणी सांगितलं?

माझी धाकटी जाऊ तासगावला असते. वय ३६, शिवाजी विद्यापीठातून मराठीत एमए, ५७ टक्के. दोन्ही पोरं शाळेत जायला लागली तशी यंदा नेट, म्हणजे कॉलेजात शिकवायला लागणारी राष्ट्रीय पात्रता परीक्षा, द्यायची म्हणून तिनं माळ्यावरची पुस्तकं काढली. आणि फॉर्मच्या शेवटच्या आठवड्यात तिच्या एमएच्या ग्रुपवर मेसेज आला : 'नेटचे नवे नियम. तिशी ओलांडली की परीक्षा बंद. १२० गुण म्हणजे पास. चुकीच्या उत्तराला गुण कापणार. सर्टिफिकेट एकच वर्ष चालणार. पीएचडी नसेल तर नेटचा उपयोग नाही. पुढे पाठवा.' तिनं तो मला पाठवला, तारीख उलटून गेल्यावर. वर लिहिलेलं, 'ताई, बरं झालं वेळेत कळलं.'

कसलं डोंबलाचं बरं झालं!

तिशीची अट आहे, पण जेआरएफला, म्हणजे संशोधनासाठी दरमहा मिळणाऱ्या फेलोशिपला. त्यातही बायकांना ५ वर्षांची सवलत. ओबीसी, एससी, एसटी, दिव्यांग यांनाही. सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेला वयाची वरची मर्यादाच नाही. परीक्षा किती वेळा द्यावी यालाही नाही. ही परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या माहितीपुस्तिकेत हे स्वच्छ छापलेलं असतं, पीडीएफ फुकट मिळते. मेसेज लिहिणाऱ्यानं त्यातला ३० हा आकडा तेवढा उचलला आणि तो कशाचा हे तिथंच सोडलं. जाऊबाईंचं जेआरएफचं वय गेलंय, मान्य. पण फेलोशिप मागितली कुणी? तिला कॉलेजात शिकवायचंय.

'१२० म्हणजे पास' यानं तर फार पोरं फसतात. ३००पैकी १२०, म्हणजे ४० टक्के, ही खुल्या प्रवर्गाची किमान रेषा. राखीव प्रवर्गांना ३५ टक्के. ती ओलांडली की तुम्ही फक्त रांगेत उभे राहता. पात्र ठरवतात ते दोन्ही पेपर दिलेल्यांच्या ६ टक्के. त्या जागा आधी आरक्षणानुसार प्रवर्गांत वाटल्या जातात, मग प्रत्येक प्रवर्गात रेषा ओलांडणारे ज्या विषयात जितके, त्या प्रमाणात त्या विषयाला. समजा, एका प्रवर्गात सगळे विषय मिळून १०,००० जणांनी रेषा ओलांडली आणि जागा २,००० आहेत. मराठीतून ओलांडणारे ५० असतील, तर मराठीला १० जागा. अकराव्याला १६० पडोत नाहीतर १९०, तो राहिला. म्हणून कटऑफ विषयागणिक वेगळा, प्रवर्गागणिक वेगळा आणि दर खेपेला वेगळा. आमच्या कराडचा एक पोरगा १७० गुण घेऊन राहिला आणि 'माझा पेपर नीट तपासला नाही' म्हणत दोन महिने फिरत होता. क्लासवाल्यानं त्याला ४० टक्के सांगितले होते, ६ टक्के सांगितलेच नाहीत.

गुण कापण्याचं : कापत नाहीत. १५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, ३ तास. येत नसलं तरी एकही प्रश्न सोडू नका.

एका वर्षाचं, जिवावर येऊन कबूल करते, अर्धं खरं आहे. जून २०२४च्या परीक्षेपासून नेटचे गुण पीएचडी प्रवेशाला धरतात, आणि त्या प्रवेशापुरते ते एक वर्ष चालतात. सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेला मुदत नाही.

पीएचडीचं तर जुनं कात्रण दिसतंय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीनं विद्यापीठातल्या विभागांत सहायक प्राध्यापक व्हायला ती २०२१पासून सक्तीची करायची ठरवलं होतं. मग तारीख पुढं ढकलली, आणि १ जुलै २०२३पासून किमान अट नेट, सेट किंवा स्लेट (या दोन राज्यपातळीवरच्या तशाच परीक्षा) अशीच ठेवली. आता 'उपयोग नाही' म्हणाल तर मला नेट होऊन ९ वर्षं झाली, मी अजून तासिका तत्त्वावरच आहे. पण तो दोष रखडलेल्या भरतीचा, सर्टिफिकेटचा नव्हे.

नेट वर्षातून दोनदा असते, जून आणि डिसेंबरची. शिवाय सेट आहे. महाराष्ट्र-गोव्यासाठी ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, तिथंही वय विचारत नाहीत. हे सगळं फोनवर सांगून झाल्यावर जाऊबाई म्हणाल्या, 'पण ताई, पहिल्या पेपरात गणित असतं ना हो?' असतं थोडं. रविवारी पुस्तकं घेऊन कराडला ये म्हटलंय.