त्या टाळ्या वुडस्टॉकच्या नव्हेत

अंबाजोगाईच्या आमच्या गाण्याबजावण्याच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरतेय: वुडस्टॉकला, म्हणजे अमेरिकेतल्या त्या गाजलेल्या संगीत महोत्सवात, पं. रविशंकर नुसती सतार जुळवत होते, तरी गोऱ्यांनी टाळ्या पिटल्या. किस्सा खरा, जागा चुकली. तो घडला १ ऑगस्ट १९७१ला, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, बांगलादेशच्या मदतीसाठीच्या कार्यक्रमात. सरोदवर अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखा. पंडितजी मिश्कीलपणे म्हणाले, जुळवणंच एवढं आवडलं, तर वाजवणं आणखी आवडेल अशी आशा आहे. (आपल्याकडं सप्ताहात पखवाज जुळवायला डाव्या पुडीला कणीक थापणं चालू असतं, तेव्हा टाळकरी चहा उरकून घेतात!) वुडस्टॉकला पंडितजी वाजवून आले हेही खरंच, पण १५ ऑगस्ट १९६९च्या रात्री, भर पावसात.