लेहरा धरणारा माणूस

कॉलेजात असताना मी पेटीवर लेहरा धरायचो. तबलजी मित्र कायदे, रेले, तुकडे वाजवत सुटायचा आणि मी तीच सोळा मात्रांची ओळ अर्धा अर्धा तास घोळवत बसायचो. टाळ्या अर्थातच त्याला. एकदा कार्यक्रमानंतर एक काकू मला म्हणाल्या, "तूही छान बसला होतास हो." बसला होतास!

म्हणून 'लिक्विड लिक्विड' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा कान थेट बेस गिटारकडे गेला. न्यूयॉर्कचा चौघांचा बँड. डिस्कोला नावं ठेवायची फॅशन आली होती, पण नाचायची खुमखुमी काही जिरली नव्हती, त्या १९८०च्या आसपासचा. बेसवर रिचर्ड मॅक्ग्वायर, ड्रम्सवर स्कॉट हार्टली, मरिंबावर (लाकडी पट्ट्यांवर वाजवायचं वाद्य) डेनिस यंग आणि गायला साल प्रिन्सिपाटो. गायला म्हणजे काय, शब्द नीट कळतच नाहीत, त्याचा आवाजही तालवाद्यच. १९८१ ते १९८३ मध्ये '९९ रेकॉर्ड्स' या छोट्या रेकॉर्ड कंपनीकडून तीन ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्ड, आल्या आणि खेळ आटोपला.

तिसऱ्या ईपीत 'कॅव्हर्न' हे गाणं आहे. त्याची बेसची ओळ 'शुगर हिल रेकॉर्ड्स'ने त्याच वर्षी उचलली आणि त्यावर रॅपर मेली मेलचं 'व्हाइट लाइन्स' हे गाणं उभं केलं. सॅम्पलसुद्धा नाही, म्हणजे मूळ रेकॉर्डचा तुकडा उचलून लावला असंही नाही, आपल्या वादकांकडून ती सरळ पुन्हा वाजवून घेतली. गाणं कोकेनविरोधी, तुफान गाजलं. ९९ने खटला भरला, जिंकलाही. तोवर शुगर हिलचं दिवाळं वाजलं. वसूल कोणाकडून करणार? ९९ही बंद पडली.

बहुतेक जण ही गोष्ट इथे संपवतात, 'बिचारे' म्हणत. मला ते पटत नाही. कारण १९८९ मध्ये त्याच मॅक्ग्वायरने 'हिअर' नावाची सहा पानांची चित्रकथा काढली. घरातल्या खोलीचा एकच कोपरा. चौकटीत चौकट, प्रत्येकीवर साल. कोपरा तोच, पण एका चौकटीत कुणी जन्मतंय, दुसरीत कुणी म्हातारं झालंय, तिसरीत घर बांधलंच गेलेलं नाही. पाहताक्षणी मी म्हटलं, अरे, हा तर लेहरा! कोपरा सम सोडत नाही, त्यावर काळ हवी ती लयकारी करतोय.

लोक लिहितात की त्याने संगीत सोडून चित्रं धरली. सोडलं कुठे?

२०१४ मध्ये त्या सहा पानांचं तीनशेवर पानांचं पुस्तक झालं. २०२४ मध्ये रॉबर्ट झेमेकिसने त्यावर सिनेमा काढला, कॅमेरा जवळजवळ शेवटपर्यंत एकाच जागी रोवलेला. (सिनेमा मला नाही झेपला. तिथे कोपऱ्यापेक्षा टॉम हँक्सकडेच बघायला लावतात. पुन्हा झोत तबलजीवरच!)

आणि तो बँड? ग्लासगोमध्ये 'लिक्विड लिक्विड'च्या 'ऑप्टिमो' या तिसऱ्या ईपीच्या नावाने नाचायचा क्लब चालला. आणि एप्रिल २०११ मध्ये, 'एलसीडी साउंडसिस्टम' या न्यूयॉर्कच्याच बँडच्या तेव्हाच्या निरोपाच्या मैफिलीत, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सुरुवातीला हेच उभे होते. जेमतेम तीन वर्षं रेकॉर्ड काढलेला बँड, तीस वर्षांनी!

काल ती 'कॅव्हर्न'ची ओळ पेटीवर बसवून पाहिली. बसते. लगेच तबलजी मित्राला फोन लावला. त्याने विचारलं, "किती वेळ धरशील?"