शंभराचे साडेबारा

नेटवर्क इंजिनिअर या पदाचा अर्थ माझ्या कंपनीत एक आहे आणि बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरात दुसरा. कंपनीत, म्हणजे मकरपुऱ्याला, मी स्विच, राउटर आणि त्यांची आपसांतली भांडणं सांभाळते. घरात मी इंटरनेटची मालकीण आहे. पण फक्त ते बंद पडलं की. सासरे, म्हणजे नाना, हिंचक्यावरून हाक मारतात, "सूनबाई, तुझं नेट गेलं!" चालू असताना ते 'आपलं' असतं.

माझा नवरा औषधांच्या कारखान्यात आहे. पण आत्याबाईंचं डोकं दुखलं म्हणून त्याला आजवर कोणी गोळीत काय असतं ते विचारलेलं नाही. मला मात्र सगळं समजावून सांगावं लागतं, आणि आमच्याकडे समजावणं म्हणजे कबुलीजबाब. एखाद्या बिघाडाबद्दल ज्याला तीन वाक्यं धड बोलता येतात त्याचा त्यात हात असणारच, असा घरचा न्याय आहे. ज्याला काही कळत नाही तो निर्दोष. नवरा जन्माचा निर्दोष आहे.

सगळ्यात जुना खटला काड्यांचा. "नेट नाही म्हणतेस, मग हे काय?" असं म्हणून नाना फोन माझ्या नाकासमोर धरतात. वायफायच्या काड्या भरगच्च. आता त्या काड्या एवढंच सांगतात, की फोनचं आणि जिन्याखालच्या राउटरचं बरं चाललंय. राउटरच्या पलीकडे, गल्लीतल्या खांबावर किंवा मुंबईत काय झालंय याची त्यांना गंधवार्ता नसते. बाहेर फायबर तुटून लोंबत असली तरी घरात काड्या फुल्ल.

"म्हणजे खोटं दाखवतात," नाना म्हणाले.

"खोटं नाही नाना, अर्धंच दाखवतात."

"ते जास्त वाईट." नानांनी जन्मभर बँकेत लेजरं तपासली आहेत.

आत्याबाईंचं प्रकरण वेगळं. आमचा राउटर दोन नावांनी हजेरी लावतो. एक साधं, दुसऱ्याच्या शेपटीला '५जी'. आत्याबाईंचा फोन नवा, ५जीवाला, म्हणून त्या बाणेदारपणे दुसऱ्यालाच जोडतात. बसतात मात्र माजघरात, दोन भक्कम जुन्या भिंतींच्या आड. मी सांगून पाहिलं, की मोबाइलचं ५जी म्हणजे पाचवी पिढी, आणि राउटरवरचं ५ म्हणजे ५ गिगाहर्ट्झ. या लहरी वेगवान असतात, पण भिंत आली की हात टेकतात. २.४ गिगाहर्ट्झवाल्या हळू, पण भिंतीतून बऱ्याच पुढे जातात. "नवा फोन घेऊन मी जुन्यावर का बसू?" हा त्यांचा सवाल, आणि त्याला माझ्या शिक्षणात उत्तर नाही.

एकदा सणाच्या गडबडीत त्या नाइलाजाने साध्यावर आल्या, आणि नेमके मी मायक्रोवेव्हमध्ये पापड भाजले. मायक्रोवेव्ह चालतो तो २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास. दाराच्या फटीतून थोडं बाहेर झिरपतं. आपल्याला त्याचा त्रास नाही, पण वायफायच्या कानाशी तेवढा गोंगाट पुरतो. आत्याबाईंचं कीर्तन ऐन आख्यानात अडकलं. हे कारण मी, अर्थातच, सांगितलं. तेव्हापासून पाहुण्यांना ऐकायला मिळतं, "हिने पापड भाजले की माझं कीर्तन बंद पडतं." शब्दन् शब्द खरा, पण ऐकणारा मी काय प्रकारची सून आहे याचा वेगळाच अंदाज बांधून जातो.

नानांनी मात्र खरा घोटाळा शोधून काढला. आमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा. गणपतीचा एक व्हिडिओ बरोबर १०० एमबीचा. नानांच्या हिशेबाने तो एका सेकंदात उतरायला हवा. ते घड्याळ घेऊन बसले. आठ सेकंद लागले.

मी समजावलं. तारेवरून माहिती एकेक बिट अशी जाते, म्हणून तारवाले वेग बिटांत मोजतात. साठवणारे फाइल बाइटमध्ये मोजतात. आठ बिटांचा एक बाइट. १०० मेगाबिट म्हणजे साडेबारा मेगाबाइट. १०० एमबीला आठ सेकंद, म्हणजे उलट अगदी चोख सेवा मिळतेय!

नाना गप्प झाले. मग त्यांनी खिशातून पेन काढलं. "पैसे शंभराचे घेतले," ते लिहीत म्हणाले, "आणि माल दिला साडेबारा."

"नाना, ते सगळ्या जगात तसंच..."

"एकात छोटा बी, एकात मोठा बी, आणि गिऱ्हाइकाने भिंग लावून बघायचं! सयाजीराव महाराज असते तर चाललं नसतं." नानांचं हे नेहमीचं. ज्या राजाने १९०६ साली अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं त्याने बिट आणि बाइटला एकाच मापात बसवलं असतं, याबद्दल त्यांना शंका नाही. तक्रारीचं पत्र चार पानी झालं. त्याखाली 'अधिक माहितीसाठी संपर्क' म्हणून माझा नंबर.

मग समोरच्या बेन आल्या. त्यांच्या आणि आमच्या राउटरखाली चिकटवलेला आकडा एकच निघाला होता, १९२.१६८.१.१. "तमारे पण ए ज नंबर?" असं त्यांनी विचारताच आत्याबाईंनी निकाल दिला: आमचं नेट तिकडे जातंय. मी म्हटलं, अहो, हा आकडा म्हणजे नेटवर्कमधला पत्ता; जुन्या पद्धतीचे पत्ते मुळात जेमतेम ४२९ कोटी, आणि जगात माणसंच ८०० कोटींच्या वर. म्हणून काही आकडे घरगुती वापरासाठी राखून ठेवलेत; कोणीही आपल्या घरात वापरावेत, बाहेर ते चालत नाहीत. आपला वाडा होता तसं समजा. बिऱ्हाडं बारा, बाहेर पत्ता एक. दारावरचा माणूस कोणी कुठे पत्र धाडलं ते वहीत टिपतो आणि उत्तर आलं की त्याच बिऱ्हाडात पोचवतो. राउटर तेच करतो.

"आपल्या वाड्यात दारावर तात्या बसायचे," आत्याबाई म्हणाल्या, "ते पत्रं फोडून वाचायचे."

पुढचा अर्धा तास मी एन्क्रिप्शन समजावलं. आत काय लिहिलंय ते राउटरला वाचता येत नाही, फार तर कुठे चाललंय ते कळतं. "तात्यांना पण कुठे चाललंय तेवढंच लागायचं," नाना म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून राउटरवर आत्याबाईंनी विणलेला रुमाल आहे. कापडाने लहरी अडत नाहीत, राउटर तेवढा तापतो. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

वासी उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीच्या, संध्याकाळी नेट गेलं. डब्यावर लाल दिवा लुकलुकत होता.

"फायबरमधून लाइट येत नाहीये," मी म्हटलं.

"लाइट तर आहे. पंखा चालतोय."

म्हणून काचेची तार, तिच्यातून सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर पळणारा उजेड, सगळं सांगितलं. नानांनी विचारलं, की मुळात हे येतं कुठून, वरून ना? क्लाउड म्हणतात ते? तर नाही. खंडाखंडांमधली जवळजवळ सगळी वाहतूक समुद्रतळाच्या केबलींवरून होते; त्यातल्या कितीतरी मुंबईत वर्सोव्याला किनाऱ्याला लागतात. २००८च्या जानेवारीअखेर इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ केबली तुटल्या, तर इथे भारतात नेट रांगायला लागलं होतं.

"तोडतं कोण?"

"बहुतेक वेळा जहाजांचे नांगर आणि मासेमारीची जाळी."

"आणि मगरी?" आत्याबाईंनी विचारलं. मगरींच्या विश्वामित्री नदीकाठच्या गावात हा प्रश्न यायचाच. मगरीचं मी ऐकलेलं नाही, पण १९८०च्या दशकात एका केबलमध्ये शार्कचे दात अडकलेले सापडले होते, असं मी सांगितलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी लाइनमन आला. मिसरूड फुटलेला पोरगा, खांद्यावर वायरचं वेटोळं. लाल दिवा पाहिला, मान वर केली आणि म्हणाला, "काका, उपरथी बंध छे."

"बघ," नाना माझ्याकडे वळून म्हणाले, "किती सोपं सांगितलं. तू उगाच इजिप्तपर्यंत नेलंस."

उपर म्हणजे आमचीच गच्ची. केबलला मांजाचे वेढे, त्यात अडकलेला लाल पतंग, आणि तो ओढून काढायच्या खटपटीत केबलचं झालेलं काटकोनी वळण. नवरा शेजारी उभा राहून फिरकी गुंडाळत होता. त्याला कोणी काही विचारलं नाही. पोराने तुकडा बदलला, चहा घेतला, सगळ्यांचे आशीर्वाद घेऊन गेला.

नाना सकाळी कमाटीबागेत फिरायला जातात. दुपारी मला एका अनोळखी काकांचा फोन आला. नंबर नानांनीच दिला होता. इजिप्तमधल्या मगरीचं त्यांना सगळं समजलं होतं, काही शंका नव्हती. त्यांचा प्रिंटर तेवढा छापत नव्हता, तर मी तो बघायला आज येतेय की उद्या?